जुनं हलकं विमान घ्यायचंय: टायगर मॉथ, चिपमंक, ऑस्टर, कब की चॅम्प?

पंखावाला

मंडळी, विषय जरा आडवाटेचा आहे, पण इथे विमानवेड्यांची कमी नाही म्हणून विचारतो.

मी इंग्लंडात लेस्टरच्या बाजूला राहतो. आमचा आठ जणांचा छोटा फ्लाइंग क्लब आहे, त्यात मराठी आम्ही तिघं. क्लब म्हणजे काय, तर एका शेतकऱ्याच्या रानातली गवताची धावपट्टी, त्याचंच धान्याचं जुनं कोठार हे हँगर, आणि चहाची किटली. इथल्या नियमाने एका विमानाचे जास्तीत जास्त २० भागीदार चालतात, प्रत्येकाचा हिस्सा किमान ५ टक्के. आमचं सेसना १५० नुकतंच विकलं. पैसे बँकेत, कोठार रिकामं आणि भाडं चालू.

आता घ्यायचं ते जुनं आणि शेपटीला चाक असलेलं, एवढ्यावर एकमत आहे. त्यापुढे आठ जणांची नऊ मतं. दोघांना टायगर मॉथच हवं. एकजण चिपमंकसाठी हटून बसलाय. एकजण म्हणतो ऑस्टर घ्या, कारण ते इथंच, लेस्टरशायरमधल्या रिअर्सबीला बनायचं. बाकीचे कब आणि एरॉन्का चॅम्पच्या जाहिराती बघतायत.

अडचणी अशा. धावपट्टी ४८० मीटर, एका टोकाला उंच कुंपण. कोठाराचं दार १०.८० मीटर रुंद, आणि शेतकरी खांब हलवू देणार नाही. बजेट ४० हजार पौंड, त्यातले १० हजार इंजिनासाठी बाजूला ठेवायचे ठरलंय. दोघं साठी ओलांडलेले, एकाचा गुडघा बदललेला. तिघांनी टेलव्हीलला हातही लावलेला नाही. पगारी इंजिनिअर नाही, जमेल तेवढी देखभाल आम्हीच करतो.

काय घ्यावं?

कोकणी_गरुड

यात विचारायचं काय? टायगर मॉथ! उघडं कॉकपिट, दोन मजली पंख, चामड्याची टोपी, गॉगल. १९३१ पासून उडतंय, आठ हजारांवर बनली, अख्खी पिढी त्यावर शिकली. आपल्या हवाई दलानेसुद्धा व्हिंटेज ताफ्यात तेच निवडलं. सेसना विकून पुन्हा दारंखिडक्यांच्या डब्यात बसायचं असेल तर मग काय बोलणार.

शंकासुर

मला विमानातलं ओ की ठो कळत नाही, पण धागा वाचतोय. फोटोत टायगर मॉथचं इंजिन उलटं बसवल्यासारखं दिसतं. तसंच असतं का?

जिप्सी_मेजर

शंकासुर, बरोबर दिसलं तुम्हाला. त्यातलं जिप्सी मेजर हे चार सिलिंडरांचं, हवेने थंड होणारं, उलटं टांगलेलं इंजिन. क्रँकशाफ्ट वर आणि सिलिंडर खाली. त्यामुळे प्रॉपेलरचा अक्ष वर जातो, पाती जमिनीपासून लांब राहतात आणि पायलटला नाकावरून थोडं जास्त दिसतं.

मी हवाई दलात एचटी-२ या देशी प्रशिक्षण विमानावर हात काळे केलेत. त्यातलं सिरस मेजर इंजिनही असंच उलटं. एचटी-२ चे डिझायनर डॉ. वि. मा. घाटगे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले, जर्मनीत गॉटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांटलच्या हाताखाली डॉक्टरेट केलेले. १९५१ च्या ऑगस्टमध्ये ते विमान पहिल्यांदा उडालं आणि पुढे आपल्याकडे प्रशिक्षणात त्याने टायगर मॉथची जागा घेतली. घाटगेसाहेबांबद्दल मराठीत फार कमी लिहिलं गेलंय, पण तो वेगळ्या धाग्याचा विषय.

आता पंखावालांच्या कामाचं. उलट्या इंजिनाची एक खोड आहे. विमान आठवडाभर उभं राहिलं की तेल रिंगांमधून झिरपून खालच्या बाजूला, म्हणजे सिलिंडरच्या डोक्यात साचतं. तेल दाबलं जात नाही. तसंच स्टार्ट केलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून स्विच बंद करून, चाकांना अडण्या लावून प्रॉपेलर हाताने हळूहळू फिरवायचा, प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन हाताला जाणवलं पाहिजे. मध्येच दगड लागल्यासारखा अडला तर जोर करायचा नाही. खालचे प्लग काढा, तेल गळू द्या, मग पुढचं. स्विच बंद असला तरी प्रॉपेलर जिवंत समजूनच हात लावायचा. मॅग्नेटोची, म्हणजे प्लगला ठिणगी देणाऱ्या यंत्राची, अर्थिंगची तार तुटलेली असेल तर स्विचला काही अर्थ उरत नाही.

तुमच्या आठ जणांत हे दर वेळी न कंटाळता कोण करणार, ते आधी ठरवा.

अनुराधा_टी

मी ओहायोत इन्स्ट्रक्टर आहे, टेलव्हीलच जास्त शिकवते. एरॉन्का चॅम्प मूळचं इथलंच, मिडलटाउनचं, तेव्हा माझं मत थोडं त्या बाजूला झुकलेलं धरा.

तुमच्या तीन नवशिक्यांचा मुद्दा कुणी घेतला नाही. ते सेसनावर शिकलेत. अमेरिकन कॉन्टिनेन्टल इंजिन पायलटच्या जागेवरून बघितलं तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतं. थ्रॉटल दिला की नाक डावीकडे पळतं आणि उजवा पाय आपोआप पुढे जातो. जिप्सी मेजर उलट दिशेने फिरतं, नाक उजवीकडे पळतं, डावा पाय लागतो. वर्षानुवर्षं उजव्या पायाला लागलेली सवय पहिल्या टेकऑफला उफाळून येते. शिकता येतंच, पण टेलव्हील नवं, पाय नवा आणि टायगर मॉथला ब्रेकही नाहीत, असं तिन्ही एकदम नको.

बहुतेक टायगर मॉथना शेपटीला चाकही नसतं, लोखंडी स्किड असतो. गवतावर तो नांगरासारखा रुततो, तोच ब्रेक. म्हणजे डांबरी धावपट्टीच्या विमानतळावर चहाला जायचं विसरा. वारा आडवा असेल तर पंखाचं टोक धरून चालायला माणूस लागतो.

आणि एकट्याने उडवायचं तर टायगर मॉथ आणि जे-३ कब दोन्हीत मागच्या सीटवर बसावं लागतं. चॅम्प आणि चिपमंकमध्ये पुढे. जमिनीवर नाकापलीकडे काही दिसत नाही हे टेलव्हीलचं जुनं दुखणं, पण पुढच्या सीटवरून ते निम्म्याने कमी होतं.

कोकणी_गरुड

म्हणजे टायगर मॉथ उडवायला अवघड म्हणून घ्यायचं नाही? कमाल आहे.

अनुराधा_टी

उडवायला ते सोपं आहे हो, नीट उडवायला अवघड आहे. वरच्या पंखाला एलेरॉनच, म्हणजे विमान कलवणाऱ्या फळ्याच, नाहीत, फक्त खालच्याला. रडर, म्हणजे पायाने फिरवायचं शेपटीचं सुकाणू, विसरलात की विमान लगेच तोंड वाकडं करून सांगतं. म्हणून तर ते उत्तम प्रशिक्षक विमान ठरलं. प्रश्न आठ जणांनी, वर्षभर, इंग्लंडच्या हवेत ते किती वेळा कोठाराबाहेर काढायचं हा आहे.

हिशेबनीस

सीए असल्यामुळे राहवत नाही. विमानाची किंमत एकदाच द्यायची असते, तिच्यावरून भांडण झालं तरी चालेल. रोजचा खर्च बघा.

जिप्सी मेजर तासाला साधारण ३० लिटर पिणार, वर तेल वेगळं. कब किंवा चॅम्पचं ६५ अश्वशक्तीचं कॉन्टिनेन्टल १५-१६ लिटरमध्ये भागवतं. क्लब वर्षाला १०० तास उडत असेल तर ३,००० लिटर की १,५०० लिटर, हा सरळ फरक. इंजिनाच्या ओव्हरहॉलचा निधी तासागणिक वेगळा काढा आणि त्या खात्याला कुणालाही हात लावू देऊ नका. भागीदारीतली विमानं हवेत कमी आणि या खात्यावरून जास्त कोसळतात. ओव्हरहॉलचा खर्च भागिले उरलेले तास, इतकं साधं गणित आहे, तरी लोक "बघू पुढे" म्हणतात.

पंखावाला, परवाना कुठला मिळणार त्यावर देखभालीचा खर्च ठरतो असं ऐकलंय. खरं का?

पंखावाला

अगदी खरं. इथे लाइट एअरक्राफ्ट असोसिएशन आहे, १९४६ साली सुरू झालेली. तिच्या परमिटवर विमान असेल तर मालक बरीच कामं स्वतः करू शकतात, असोसिएशनचा इन्स्पेक्टर तपासून सही करतो. कब, चॅम्प, लसकोम्ब त्यात येतात. आम्ही बघून आलो ते टायगर मॉथ मात्र पूर्ण सर्टिफिकेटवर आहे, म्हणजे परवानाधारक इंजिनिअर आणि त्याचं बिल. त्याचं आणि चिपमंकचं टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या प्रकारच्या रचनेचा मूळ परवाना, डक्सफर्डच्या डी हॅविलंड सपोर्टकडे आहे, त्यामुळे तांत्रिक आधार चांगला मिळतो. अनाथ विमान नाही ते.

ते टायगर मॉथ देखणं होतं यात वाद नाही. लॉगबुकात टाय रॉड कधी बदलले ते शोधत होतो, मालक म्हणाला "असेल कुठेतरी".

जिप्सी_मेजर

"असेल कुठेतरी" ऐकलं की चहा प्यायचा आणि निघायचं.

ते आडवे टाय रॉड कॉकपिटच्या तळाशी फ्युजलाजच्या, म्हणजे विमानाच्या धडाच्या, दोन बाजू बांधून ठेवतात, खालच्या पंखांचा ताण त्यांच्यावर येतो. २०१३ साली ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावर एका टायगर मॉथचे पंख हवेत तुटले, दोघं गेले. तपासात या रॉडना थकव्याच्या भेगा सापडल्या. म्हणून त्यांना तासांची आणि वर्षांची दोन्ही मर्यादा आहे. भाग बदलला याची नोंद नसेल तर तो बदललेला नाही असंच धरायचं.

कोकणी_गरुड

बरं बाबा. मग चिपमंक घ्या. बंद कॅनॉपी, धातूचं शरीर, कसरती करता येतात.

पंखावाला

चिपमंकचा मोह मलाही आहे, उगाच नाही म्हणत नाही. १९४६ साली कॅनडात उडालं, पुढे ब्रिटनमध्येच हजार बनली. स्टिक इतकी हलकी आणि नेमकी की बोटांनी उडवावं. पंख १०.४६ मीटर, दारातून आरामात जातं. पण चांगल्याची किंमत आमच्या बाहेर जाते, आणि बजेटमधल्याचं स्पारचं, म्हणजे पंखातल्या मुख्य तुळईचं, आयुष्य फार उरलेलं नव्हतं. धातूच्या विमानाला गंज आणि थकवा दोन्ही मोजावे लागतात. जुनं स्टार्टर बंदुकीच्या काडतुसासारख्या काडतुसावर चालायचं, बऱ्याच जणांनी ते काढून विजेचं बसवलंय. आणखी दोन भागीदार मिळाले तर विचार करू, असं म्हणून तो विषय बाजूला ठेवलाय.

भालदार

ऑस्टरबद्दल कुणीच बोलेना. आमच्या देवळालीला तोफखान्याचे एअर ओपीवाले ऑस्टर उडवायचे, वडील अजून सांगतात. वरून बघायचं आणि तोफगोळा कुठे पडला ते वायरलेसवर कळवायचं. कुठल्याही शेतात उतरतं. स्वस्तही असतं म्हणतात.

पंखावाला

स्वस्त आहेच, आणि सहकारी म्हणतो तसं ते आमच्या गावचं लेकरू. पण पंख १०.९७ मीटर, दार १०.८०!

शंकासुर

तिरकं करून नाही का घालता येणार? आम्ही सोफा तसाच घातला होता.

पंखावाला

येतं की. एक पंख आधी आत, मग शेपूट उचलून वळवायचं, मग दुसरा. चार माणसं लागतात. मंगळवारी संध्याकाळी ऊन पडलं म्हणून एकटा सभासद तासभर उडायला आला तर त्याने काय करायचं? आणि गडबडीत पंखाचं टोक खांबाला लागलं की कापड फाटतं, आतली रिब मोडते. लोक विमान उडवायचं का सोडतात, तर बाहेर काढायचा कंटाळा येतो म्हणून.

अनुराधा_टी

हे शेवटचं वाक्य क्लबच्या भिंतीवर लावा.

कब १०.७४ मीटर, चॅम्प १०.७२. दोन्ही जातील. दोघांचं इंजिन एकच असतं, कॉन्टिनेन्टल ए-६५, पण कबला पिवळ्या रंगाचे जादा पैसे पडतात. कब माझं लाडकं आहे. काचेपुढे टाकीतून वर आलेली तार, तिच्या खालच्या टोकाला बूच. तार खाली गेली की उतरायचं, हा इंधनाचा काटा. दार उघडं ठेवून उडता येतं, त्याची मजा दुसऱ्या कशात नाही. पण मागच्या सीटवर बदललेल्या गुडघ्याने चढायचं म्हणजे शिक्षा आहे. चॅम्पला पुढच्या सीटसाठी चांगलं रुंद दार आहे.

चॅम्प घेताना पंखातला लाकडी स्पार बघा. कधी ग्राउंड लूप होऊन, म्हणजे जमिनीवर विमान गर्रकन फिरून, पंखाचं टोक जमिनीला लागलं असेल तर स्पारला आडव्या बारीक चिरा पडतात, कापडावरून कळत नाहीत. तपासणीची झाकणं उघडून टॉर्च आणि आरसा घालायचा. कबमध्ये पंखाच्या तिरक्या दांड्या आतून गंजतात, तिथे सीलबंद दांड्या बसवल्यात का ते विचारा.

हिशेबनीस

वजनाचं काय? जुन्या विमानात दोन माणसं आणि भरलेली टाकी एकत्र बसत नाहीत असं ऐकलंय.

पंखावाला

आम्ही बघणार आहोत त्या चॅम्पचा ताजा वजनाचा अहवाल मागवला. कमाल वजन ५५३ किलो. रिकामं ३५२, कारखान्यातून निघालं तेव्हापेक्षा बरंच जास्त. सत्तर वर्षांत प्रत्येक मालक रंगाचा एक थर आणि एखादा पत्रा वाढवतो. टाकी भरलेली, ३५ किलो. उरले १६६, म्हणजे दोघं ८३-८३ किलोचे. आमच्यातले दोघं सोडले तर सगळे बसतात, त्या दोघांनी एकत्र उडायचं तर टाकी अर्धी ठेवायची. ६५ अश्वशक्ती, ओलं गवत, ४८० मीटर आणि समोर कुंपण, हे उन्हाळ्यातल्या दुपारी वजन भरून करायचं नाही असा लेखी नियम करणार आहोत.

पुष्पकपुत्र

अवांतर होईल, पण राहवत नाही. बाबा साठच्या दशकात हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या पुष्पकवर उडायला शिकले. चॅम्पचा फोटो दाखवला तर म्हणाले, "हे आमच्या विमानासारखंच की!" काही नातं आहे का?

जिप्सी_मेजर

तुमच्या बाबांची नजर पक्की. पुष्पक १९५८ साली उडालं, ते एरॉन्काच्या चीफ या विमानावर बेतलेलं, ९० अश्वशक्तीच्या कॉन्टिनेन्टलचं. चीफ आणि चॅम्प सख्खी भावंडं, बरेचसे भाग सारखे. फरक इतकाच की चॅम्पमध्ये एकामागे एक बसतात, चीफ आणि पुष्पकात शेजारी शेजारी. आपल्याकडच्या क्लबांमध्ये त्या काळी पुष्पकच पुष्पक दिसायची.

शंकासुर

मग असं काही आपल्याकडे का नाही करत कुणी? जुहूला एवढा जुना क्लब आहे.

जिप्सी_मेजर

बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ चा. तिथेच शिकून जेआरडींनी १९२९ साली देशातलं पहिल्या क्रमांकाचं लायसन्स घेतलं. त्यांनी १९३२ ला पुस मॉथमधून कराचीहून मुंबईला टपाल आणलं, आणि १९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, लेपर्ड मॉथ घेऊन तोच प्रवास पुन्हा केला. जुनं विमान उडतं ठेवण्याची हौस आपल्याकडे होती.

अडतं ते इतर गोष्टींवर. अशा इंजिनांना एव्हगॅस, म्हणजे विमानांचं खास पेट्रोल, लागतं, ते वर्षानुवर्षं आयातच व्हायचं. इंडियन ऑइलने बडोद्याला ते बनवायला २०२२ मध्ये सुरुवात केली. आणि इंग्लंडात मालकाने स्वतः पाना हातात घ्यायचा आणि इन्स्पेक्टरने सही करायची, ही जी सोय आहे तिच्याविना आठ नोकरदारांना असलं विमान परवडत नाही. शेताच्या कडेला उतरायची मुभा तर सोडाच.

पंखावाला

धागा वर काढतोय. काल चॅम्प बघून आलो, आमचा इन्स्पेक्टर बरोबर होता.

कापड पॉलिएस्टरचं, चांगलं ताठ. स्पारला चिरा नाहीत, अनुराधाताई, आरसा घालून दोन्ही पंखांत बघितलं. शेपटीकडच्या खालच्या नळीवर थोडा गंज, खरवडून रंग दिला की भागेल असं तो म्हणाला. लॉगबुकात सत्तरच्या दशकातली काही वर्षं कोरी आहेत, पण विमान तेव्हा सुटं करून ठेवलं होतं याची कागदपत्रं आहेत.

अडलं कॉम्प्रेशनपाशी, म्हणजे सिलिंडर हवेचा दाब किती धरून ठेवतो त्यापाशी. ८० च्या दाबाला तीन सिलिंडर ७४ ते ७६ दाखवतात, तिसऱ्या क्रमांकाचा ५८.

जिप्सी_मेजर

हवा कुठून जाते ते ऐकलंत का? एक्झॉस्टमधून आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. कार्ब्युरेटरकडून आला तर इनटेक. तेलाच्या भोकातून आला तर रिंगा, म्हणजे मोठं काम.

पंखावाला

एक्झॉस्टच्या नळीला कान लावला, स्पष्ट फुस्स. बाकी दोन्हीकडे शांत.

जिप्सी_मेजर

मग घाबरू नका. इंजिन गरम करून पुन्हा मोजा, कधीकधी व्हॉल्व्हखाली कचरा अडकतो. तरी नाही सुधारलं तर तो एक सिलिंडर काढून व्हॉल्व्ह आणि सीट करून घ्या. बाकीच्या तिघांना हात लावायचं कारण नाही. त्याचे पैसे मात्र किमतीतून वळते करा.

पंखावाला

गरम करून मोजलं, ६१. मालकाने सिलिंडरच्या कामाचे पैसे कमी केले. मतदान झालं, सहा विरुद्ध दोन. टायगर मॉथवाले दोघं थोडे रुसलेत, पण चेकवर सह्या दोघांनीही केल्या. विमान बजेटच्या आत बसलं आणि इंजिनाच्या दहा हजारांना हात लागला नाही, हिशेबनीस.

विमा कंपनीने टेलव्हीलचा अनुभव नसलेल्या तिघांना इन्स्ट्रक्टरबरोबर तास घालायची अट टाकलीय, ती योग्यच आहे. विमानाला बॅटरी नाही, स्टार्टर नाही. प्रॉपेलर हाताने मारण्याचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय कुणीही पुढे उभं राहायचं नाही, आणि आत सीटवर माहीतगार माणूस असल्याशिवाय स्टार्ट नाही, हे भागीदारीच्या करारातच घातलंय.

हिशेबनीस

करारात बाहेर पडणाऱ्याच्या हिश्शाची किंमत कशी ठरणार तेही घाला. आत्ता सगळे खुशीत आहेत तोवरच.

अनुराधा_टी

अभिनंदन! इंग्लंडची दमट हवा आणि ए-६५, म्हणून एकच सांगते. त्या इंजिनाच्या कार्ब्युरेटरमध्ये बर्फ पटकन धरतं, उन्हाळ्यातसुद्धा. थ्रॉटल कमी करण्याआधी कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कळ, ओढायची, मागून नाही.

भालदार

आणि दाराचं? १०.८० मध्ये १०.७२, म्हणजे दोन्हीकडे चार-चार सेंटिमीटर?

पंखावाला

हो. शेतकऱ्याने दोन्ही खांबांना जुन्या ट्रॅक्टरच्या टायरचं रबर ठोकून दिलंय, आणि जमिनीवर चाकांसाठी पांढरे पट्टे मारलेत. शनिवारी विमान आणतोय. सिलिंडरचं काम सुरू झालं की त्याचा वेगळा धागा काढतो, जिप्सी_मेजर काका तिथे लागतील.